पोर पाण्यात, घर काठावर

बुलढाणा जिल्ह्यात गाव सांगताना ते घाटावरचे की घाटाखालचे, हे आधी सांगावे लागते. रोहिणखेड घाटाखालचे. मोताळा तालुक्यात, डोंगररांगेच्या अगदी पायथ्याशी. इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचे नाव दोन लढायांमुळे आले आहे. 1437 मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन याने खानदेशच्या नसीरखानाचा इथे पराभव केला, आणि 1590 च्या सुमारास निजामशाहीच्या गादीचा तंटाही याच शिवारात मिटला. खुदावंदखानाने 1582 मध्ये बांधलेली इथली मशीद आकाराने लहान, पण देखणी आहे. मला मात्र सांगायचे आहे ते पाण्याबद्दल. गेल्या चार-पाच दशकांत या पट्ट्यातली मुले पोहायला कशी शिकली, पोहणे स्पर्धेपर्यंत कसे गेले, आणि त्या स्पर्धेसाठी मुलांच्या घरच्यांना तयार करण्याचे काम आपल्याकडून कसे राहून गेले, याचा हा मागोवा.

घाटाखाली पोहण्याची पहिली शाळा म्हणजे मळ्यातली विहीर. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचे टोक काठावर बापाच्या किंवा काकाच्या हातात. ट्रॅक्टरच्या ट्यूबा आल्या तसे भोपळे मागे पडले. काही दिवसांनी दोर सैल व्हायचा, मग भोपळा निघायचा, आणि एके सकाळी कोणीतरी न सांगता ढकलून दिले की पोरगं पोहायला लागलं असं जाहीर व्हायचं. ही ढकलण्याची पद्धत मी आज कोणालाही सुचवणार नाही. तिच्यामुळे काही मुलांच्या मनात पाण्याची जन्मभराची धास्ती बसली. पण त्या काळात एक गोष्ट होती, जी पुढे सुटली. शिकवणारा माणूस घरचा होता आणि त्याला पाणी ठाऊक होते. मूल खरोखर दमले आहे की कंटाळले आहे, हे त्याला नुसत्या श्वासावरून कळायचे. मुलींची गोष्ट वेगळी. त्या विहिरीवर जात त्या पाणी शेंदायला. पोहायला शिकलेली आई किंवा आजी आमच्याकडे शोधावीच लागते.

पोहणे हा स्पर्धेचाही खेळ आहे, ही बातमी खेड्यात फार उशिरा आली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर मुक्तशैलीत सुवर्णपदक जिंकले. वेळ 37.33 सेकंद, तो विश्वविक्रम होता. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या जवानाने पोहणे उपचार म्हणून सुरू केले होते. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला 2024 मध्ये. एवढ्या मोठ्या पराक्रमाला घराघरांत पोहोचायला अर्धे शतक लागत असेल, तर सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पालकाने पोहण्याकडे खेळ म्हणून पाहिले नाही, यात त्याचा दोष नाही. त्याच्या लेखी खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी, खो-खो. पोहणे ही जीव वाचवण्याची सोय होती, नाहीतर पोरांची मस्ती.

हे चित्र हलले 2008 मध्ये. कोल्हापूरचा वीरधवल खाडे बीजिंग ऑलिंपिकमध्ये 50, 100 आणि 200 मीटर मुक्तशैलीच्या शर्यतींत उतरला तेव्हा त्याला 17 वर्षेही पूर्ण झाली नव्हती. दोन वर्षांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक घेतले. त्याआधी आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणाचे पदक मिळाले होते ते 1986 मध्ये, सोलला, खजानसिंग यांचे रौप्य. म्हणजे मधली 24 वर्षे कोरडी गेली होती. मराठी वर्तमानपत्रांनी ही बातमी पहिल्या पानावर घेतली आणि तालुक्याच्या गावांतही कोणी ना कोणी विचारू लागले, की आमचं पोरगं विहिरीत मासोळीसारखं फिरतं, त्याला कुठे पाठवायचं? या प्रश्नात एक गोष्ट मात्र सुटत होती. वीरधवलने कोवळ्या वयात बंगळुरूला जाऊन निहार अमीन यांच्या हाताखाली सराव केला. त्यासाठी आधी त्याच्या घराने त्याला दूर धाडण्याची तयारी केली असणार. आपण मुलाचे पदक पाहतो, घराची तयारी पाहत नाही.

आमच्याकडे घराची तयारी करावी लागते ती फार छोट्या पायरीवर. शालेय जलतरण स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. बुलढाणा जिल्हा अमरावती विभागात येतो. रोहिणखेडसारख्या गावातल्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचे, आणि पुढची पायरी गाठली तर अमरावती-अकोल्याचा प्रवास. कागदावर हे एवढेच दिसते. घरात मात्र याचा अर्थ वेगळा होतो. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत चालतो. नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी असते आणि त्यापाठोपाठ कापसाची वेचणी. मजूर मिळत नाहीत, आभाळ भरून येते, गंजी झाकायची असते. अशा दिवशी मुलाला पहाटेच्या एसटीने कोणी न्यायचे? माझे स्पष्ट मत आहे, की आमच्या भागातली गुणी मुले पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर थांबली त्याला त्यांचे पोहणे कमी पडले हे कारण नव्हते. त्या दिवशी घरात मोकळा माणूस नव्हता, आणि तारीख आधी कळवून त्याची सोय लावायची असते, हे कोणी सांगितले नव्हते.

पहिल्या स्पर्धेचा दिवस पालकाला गोंधळून टाकतो. सकाळी सातला हजर राहायला सांगतात, शर्यत लागते अकरा-साडेअकराला, आणि संपते पाऊण मिनिटात. ज्याने शेतातली दिवसाची मजुरी बुडवली त्याला हे फसवणुकीसारखे वाटते. आधी सांगितले असते, की हजेरी, कागदपत्रांची तपासणी, वॉर्म-अप, लहान गटांच्या शर्यती, मग आपली हीट, असा दिवसाचा क्रम असतो, तर तोच माणूस सावली धरून शांत बसला असता. जन्मतारखेचा पुरावा, शाळेचे बोनाफाईड, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे ओळखपत्र, यांतला एक कागद घरी राहिला तर पोहणारे मूल काठावरच राहते. कागदांची पिशवी आदल्या रात्री कोण भरणार, हे घरात ठरलेले असावे, इतकी ही साधी बाब आहे. ती बिघडते तेव्हा मुलाचे सगळे वर्ष वाया जाते.

लेनवरून होणारे वाद मी फार ऐकले आहेत. माझ्या पोराला कडेला टाकलं, ओळखीच्याला मधली लेन दिली, असा आरोप होतो. नियम असा आहे, की प्रवेशिकेत नोंदवलेल्या वेळेनुसार सर्वांत वेगवान स्पर्धकाला मधली लेन मिळते, आठ लेनच्या तलावात चौथी, आणि बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंनी वेळेच्या क्रमाने लागतात. ज्याची वेळच नोंदवलेली नाही ते मूल कडेला किंवा सुरुवातीच्या हीटमध्ये जाते. पहिल्यांदा येणारी खेड्यातली मुले बहुतेक याच रांगेत असतात. त्यात अपमान काही नाही. उलट पहिल्या स्पर्धेचे खरे काम एकच, अधिकृत वेळ नोंदवून घरी येणे. एवढे समजले की कितवा आला, हा प्रश्न मागे पडतो आणि टायमिंग किती आले, हा प्रश्न पुढे येतो. ज्या घरात हा दुसरा प्रश्न विचारला जातो तिथली मुले पुढच्या वर्षी पुन्हा येताना मी पाहिली आहेत.

बाद होण्याचा धक्का सर्वांत मोठा. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. मूल पहिले येते, पण शेवटी उजवा हात पुढे टाकते आणि बाद होते. बॅकस्ट्रोकमध्ये शर्यत संपवताना उताणे असतानाच भिंतीला स्पर्श करावा लागतो. इशाऱ्याआधी सूर मारला तर दुसरी संधी नाही. विहिरीत या गोष्टी कोणी पाहत नाही, त्यामुळे बापाला वाटते पंचांनी डाव साधला. याउलट मुक्तशैलीत दमलेले मूल क्षणभर तळाला पाय टेकून उभे राहिले तर ते बाद होत नाही. चालायचे मात्र नाही. पहिल्या शर्यतीला निघालेल्या अकरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईला हे एक वाक्य आधी सांगितले, तर दोघांचाही अर्धा घोर कमी होतो. शिट्ट्यांचेही तसेच. आखूड शिट्ट्या वाजल्या की अंगावरचे कपडे उतरवून तयार व्हायचे, लांब शिट्टी झाली की ब्लॉकवर चढायचे, मग पवित्रा घ्यायचा आणि इशारा होईपर्यंत हलायचे नाही. घरी ओट्यावर उभे करून चार वेळा हे करून घेता येते. त्याला तलाव लागत नाही.

विहिरीत तयार झालेल्या मुलाची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही ठळक असतात. त्याचा दम चांगला असतो, खोल पाण्याची भीती नसते. पण ते डोके वर काढून पोहते, सरळ रेषेत जात नाही, आणि वळण घेणे त्याला ठाऊकच नसते, कारण विहिरीत 25 मीटर लांबी कुठून येणार? सूर उंचावरून पायावर किंवा मुटका करून मारायची सवय, त्यामुळे ब्लॉकवरून सपाट सूर मारताना पोट सडकते आणि गॉगल हनुवटीवर येतो. नवा गॉगल, नवी कॅप स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालायची नाही, ही सूचना म्हणून फार महत्त्वाची. महागड्या पोशाखाच्या मागेही लागू नये. 2009 पर्यंत पॉलियुरेथेनच्या पोशाखांनी जगभरचे विक्रम धडाधड मोडले, तेव्हा आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने 1 जानेवारी 2010 पासून ते बंदच केले. साधा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख जिल्हा पातळीवर पुरेसा आहे.

मुलींच्या घरी पोशाखाचा प्रश्न पैशाचा नसतो, आणि तो टाळून चालत नाही. चौदा वर्षांची मुलगी पोहण्याच्या पोशाखात चारचौघांत कशी उभी राहील, हे घरातली आजी विचारणार. तिला गप्प करण्यात अर्थ नाही, उत्तर दिले पाहिजे. मुलींसाठी गुडघ्यापर्यंतचा पोशाख नियमांत बसतो. शर्यतीच्या क्षणापर्यंत अंगावर टॉवेल किंवा ट्रॅकसूट ठेवता येतो. सोबत शिक्षिका किंवा घरची बाई असावी, कपडे बदलायची जागा आधी पाहून ठेवावी. पाळीच्या दिवसांत स्पर्धा आली तर काय करायचे, हे आईने मुलीशी आधीच मोकळेपणी बोलावे. त्या दिवशी उतरायचे की नाही हा निर्णय मुलीचा. एवढ्या चार गोष्टी नीट सांगितल्यावर आजीच नातीची पिशवी भरू लागते, हे मी सांगू शकतो.

खाण्याबद्दल फार शास्त्र लागत नाही. आदल्या रात्री नेहमीची भाकरी, वरण-भात. सकाळी शर्यतीच्या दोन-अडीच तास आधी हलके काही, मग मधल्या वेळेत केळी, खजूर, थोडी शेंगदाण्याची चिक्की, आणि घोट घोट पाणी. पाण्यात असलेल्या मुलालाही घाम येतो आणि त्यालाही तहान लागते, हे पालकांना खरे वाटत नाही. शेगावची कचोरी सगळ्या शर्यती संपल्यावर. दोन टॉवेल आणि एक स्वेटर हवाच, कारण पहिल्या आणि दुसऱ्या शर्यतीच्या मधे ओल्या अंगाने वाऱ्यात बसलेले मूल आखडते. आणि ओरडून सूचना देऊ नयेत. पाण्यात डोके असलेल्या मुलाला शब्द कळत नाहीत. ब्लॉकवर उभ्या मुलाला मात्र सगळे ऐकू येते, आणि तिथे आपल्या बापाचा चिडका आवाज ऐकून मुलाचे खांदे ताठ होतात.

आता पुन्हा गावातल्या पाण्याकडे. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्याआधीच विहिरींची पातळी उन्हाळ्यात तळाला जाऊ लागली होती, बोअर वाढले होते, आणि सुट्टीच्या महिन्यांत पोहण्याजोगे पाणी विहिरीत राहीनासे झाले होते. पाणी आता दिसू लागले ते शेततळ्यांत. काळ्या प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही, उतारावर धरायला काही नसते. पट्टीचा पोहणाराही आत पडला तर बाहेर निघणे अवघड. शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. जगात दरवर्षी सुमारे 3 लाख माणसे बुडून मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि 2021 पासून 25 जुलै हा दिवस बुडणे रोखण्यासाठी पाळला जातो. आमच्याकडे आटलेल्या विहिरींचा आणि शेततळ्यांच्या धास्तीचा परिणाम असा झाला, की बाप पोहतो आणि मुलाला पोहता येत नाही, अशी पिढी तयार झाली. भीतीपोटी घरांनी पाण्याचे नावच बंद केले. ही भीती समजण्यासारखी आहे, तिची टिंगल करू नये. पण तिचा इलाज मुलाला पोहायला न पाठवणे हा नाही. शेततळ्याला कुंपण, काठावरून आत सोडलेला गाठी मारलेला दोर, तरंगती ट्यूब, आणि मुलाला जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकवणे, हा आहे. स्पर्धेची तयारी म्हणून पालकांना शाळेत बोलवावे आणि बोलण्याची सुरुवात शेततळ्यापासून करावी, असे मला वाटते ते याचसाठी.

2017 मध्ये विदर्भाला जलतरणात स्वतःचे नाव मिळाले. मूळच्या अमरावतीच्या कांचनमाला पांडे यांनी मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत 200 मीटर वैयक्तिक मिडलेमध्ये, एस-11 गटात, सुवर्णपदक जिंकले. त्या दृष्टिहीन आहेत. या गटात सर्वांना काळे केलेले गॉगल घालावे लागतात आणि भिंत जवळ आली की काठावरचा सहायक लांब काठीने स्पर्धकाला हलकेच टोकून इशारा करतो. तो एक क्षण चुकला तर डोके भिंतीवर आपटते. काठावरच्या माणसाचे काम किती नेमके असते, हे पालकांना समजावताना मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही: तो पोहत नाही, ओरडत नाही, योग्य क्षणी एकदाच स्पर्श करतो. त्याच वर्षी बर्लिनच्या स्पर्धेत, मंजूर झालेले पैसे वेळेत हाती न आल्याने, कांचनमाला यांच्यावर परक्या शहरात उसनवारीची वेळ आली, आणि तरीही त्या रौप्यपदक घेऊन आल्या. 1952 मध्ये मल्ल खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवले होते. पैशाचा भार शेवटी जवळच्या माणसांवर पडतो, हे या 65 वर्षांत फारसे बदलले नाही, आणि ते बदलायला हवे होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या सुयश जाधवने लहानपणी विजेच्या धक्क्यात दोन्ही हात गमावले. 2018 च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायचे सुवर्ण जिंकले, 2020 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. करमाळा काही मोठे शहर नाही. तालुक्याचे गाव आहे, मोताळ्यासारखेच.

मार्च 2020 मध्ये तलाव बंद झाले. शाळा ऑनलाइन भरल्या, कुस्ती मातीत चालू राहिली, धावणारे बांधावरून धावले, पण पोहणारी मुले कोरडी बसली. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्राने स्पर्धकांच्या सरावासाठी तलाव उघडायची मुभा दिली, तरी लहान गावांतल्या मुलांपर्यंत पाणी पोहोचायला पुढे बराच काळ गेला. चौदाच्या गटातली मुले त्या खंडात सतराच्या गटात गेली, काहींनी खेळ कायमचा सोडला. या मुलांची दखल कोणी घेतली नाही, म्हणून ती इथे नोंदवतो.

2023 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत वीरधवल आणि त्याची पत्नी ऋजुता खाडे या दोघांनीही महाराष्ट्रासाठी 50 मीटर मुक्तशैलीचे सुवर्ण जिंकले, आणि वीरधवलने त्याच स्पर्धेत स्पर्धात्मक पोहण्याचा निरोप घेतला. बीजिंगला गेलेला पोरगा आता घरचा कर्ता माणूस झाला आहे. पोहणाऱ्यांची ही पिढी आता स्वतःच आई-बाप म्हणून काठावर उभी राहील, आणि शहरांत तरी घराला तयार करण्याचे काम सोपे होईल. आमच्याकडे ते अजून पहिल्यापासून करायचे आहे.

म्हणून घाटाखालच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. प्रवेशिका भरण्याआधी एका संध्याकाळी, रानातून माणसे परतल्यावर, शाळेच्या व्हरांड्यात पालकांना बोलवा. आईला बोलवा, आजीला बोलवा, एकट्या बापाला नको. तासाभरात शेततळे, कागदपत्रे, शिट्ट्या, लेन, बाद होण्याचे नियम, डबा आणि मुलींचा पोशाख, एवढे सांगून होते. सोंगणीच्या दिवसांत कोणाचे मूल कोण नेणार, हेही तिथेच ठरवा. एक पालक चार मुलांना नेऊ शकतो. आणि लोकप्रतिनिधींकडे मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायची आहे: घाटाखालच्या प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात 25 मीटरचा एक तलाव, त्यावर कायम नेमलेला जीवरक्षक आणि प्रशिक्षक, आणि मुलींसाठी राखीव वेळ. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोणीतरी लेखी मांडा.